मागं काय आहे?

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणावर लिहायचं तर लिहिणाऱ्याला लिहिता यावं लागतं, आणि ज्याच्यावर लिहायचं त्याच्याशी त्याचं बरं असावं लागतं. माझ्याकडे दोन्ही नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या आधीच्यांनी पेन हातात धरलं ते सहीपुरतं. आणि ज्या सरांवर हे लिहितोय, त्यांच्याशी गेली चार वर्षं मी एक शब्द बोललेलो नाही. वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या मॅडमना हे ठाऊक नव्हतं. "यंदा बक्षीस समारंभात त्यांचा सत्कार आहे. तू त्यांच्या हाताखाली खेळलायस ना? मग तूच लिही," असं त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

सर म्हटलं की मला आधी त्यांची मान आठवते.

तुम्हीही ती पाहिली असेल. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांसमोरून एक उंच, उजव्या पायाने किंचित लंगडणारा माणूस जाताना दिसायचा. दर दहा-बारा पावलांनी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघायचा, एकदा डाव्या. नवख्याला वाटायचं, याच्या मागे कुणीतरी लागलंय. मागे कुणी नसायचं. ती मैदानातली सवय होती. सर मिडफिल्डर होते, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारे. मधल्या माणसाकडे बॉल येत असतो तेव्हा अर्धं मैदान त्याच्या पाठीशी असतं. म्हणून बॉल पोचायच्या आधीच त्याने मागे बघून घ्यायचं असतं. सर तर चहाचा कप उचलण्याआधीही मागे बघायचे.

"बॉल आल्यावर बघतो तो प्रेक्षक," ते म्हणायचे. "आधी बघतो तो खेळाडू."

या सवयीमुळे मोठ्या मैदानांवर त्यांना 'कंडक्टर' म्हणत. एसटीचा कंडक्टर मागे नजर टाकतो, सगळे चढले का बघतो आणि मग बेल मारतो. सर तसे मागे बघून पास द्यायचे आणि मग अख्खा संघ हलायचा. लोणावळ्याला लागूनच असलेल्या वलवणच्या चहाच्या टपरीत वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. त्यात सरांच्या हातात राज्याच्या ज्युनिअर संघाने जिंकलेला चषक आहे. सर कप्तान होते. त्या चषकामुळे त्यांना सरकारी खात्यात नोकरी लागली, मग अकरा वर्षं राज्याचा संघ, कोलकात्याची मैदानं, गोव्याची मैदानं, आणि दोन वेळा देशाची जर्सी. पवना धरणाच्या पलीकडच्या एका वाडीत जन्मलेल्या मुलाने एवढं केलं, हे टपरीवाले आबा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. सांगून झालं की कात्रणातल्या सरांच्या ओठांवर बोट ठेवायचे.

"ज्युनिअर म्हनं! मिशी बगा की."

सगळे हसायचे. सर मागे वळून बघायचे आणि म्हणायचे, "आबा, साखर कमी."

गुडघा गेल्यावर त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. वलवणला दोन खोल्या घेतल्या आणि तिथल्या धरणाच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर आमच्यासारख्या पोरांना शिकवायला लागले. आम्ही बहुतेक लोणावळ्यापासून तळेगावापर्यंतच्या गावांतून येणारे. सरांना नावं लक्षात राहत नसत, की त्यांना मजा वाटायची, कोण जाणे; ते आम्हाला स्टेशनांच्या नावाने हाक मारायचे. "ए कामशेत, पाय उचल!" "वडगाव, झोपलायस का?" मी मळवली. माझ्या बरोबरीने मध्ये खेळणारा रोहन घोरावाडी. कंडक्टरने थांबे पुकारावेत तसंच ते वाटायचं.

सराव चालू असताना मध्येच शिट्टी व्हायची. सगळ्यांनी होतं तिथे थांबायचं. सर एकाकडे बोट करायचे. "मळवली, मान हलवू नकोस. मागं काय आहे?"

मी पहिल्यांदा म्हणालो, "मैदान, सर."

"मैदान तर सगळीकडंच आहे. माणसं किती?"

"... तीन?"

"पाच. त्यातला एक बुटाची नाडी बांधतोय. म्हणजे तो दोन सेकंद तुझ्याकडं येऊ शकत नाही. दोन सेकंदांत काय काय होतं माहितीये?"

असं ते कुठेही विचारायचे. टपरीवर, प्लॅटफॉर्मवर, एकदा तर रोहनच्या बहिणीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत. "घोरावाडी, मागं काय आहे?" रोहन जिलबी तोंडात तशीच ठेवून म्हणाला, "वाढपी. भात घेऊन. डावीकडनं." सर इतके खूश झाले की त्यांनी आपल्या पानातली जिलबी त्याच्या पानात टाकली. मला त्या जिलबीचा हेवा वाटला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

पावसाळ्यात वलवणला धुकं उतरलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही. दुसरा कुणी असता तर सराव बंद ठेवला असता. सरांना धुकं आवडायचं. "आज डोळे नाहीत. आज एकमेकांना हाक मारा." आम्ही आपापली स्टेशनं ओरडत बॉल मागायचो. पांढऱ्या धुक्यातून 'कामशेत, कामशेत' असा आवाज यायचा आणि त्या आवाजाकडे बॉल मारायचा. तो पोचला की नाही हे पुढच्या हाकेवरून कळायचं. रस्त्यावरून जाणारे पर्यटक गाडी थांबवून विचारायचे, इथे स्टेशन आहे का?

एरवी सर शहरातल्यासारखं बोलायचे. चिडले की पवनेपलीकडची वाडी बाहेर यायची. "कुटं बगतुयास रं! हितं बॉल हाय, तितं तुजी मावशी हाय व्हय?" त्यांचं हे ओरडणं ऐकायला आम्ही कधी कधी मुद्दाम चुकायचो. कारण तसं आमच्या घरी बोलत. देशाची जर्सी घातलेला माणूस आमच्या घरासारखं ओरडतो, याचं फार बरं वाटायचं.

आता एक जूनबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे घरी जन्मलेल्या मुलांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. पोर शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, कधीचा? आई म्हणायची, भात काढायच्या वेळचा. गुरुजी तोंडाकडे बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकायचे एक जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते. माझ्या वर्गात सात जणांचा वाढदिवस एक जून होता. सरांनी पहिल्यांदा आमचे दाखले गोळा केले तेव्हा ते मैदानातच खाली बसले आणि हसत सुटले.

"बावीस पोरांत नऊ जण एक जूनचे! अरे, त्या दिवशी मावळातल्या सुइणींना भोवळ आली असेल."

तेव्हापासून आम्ही नऊ जण 'एक जूनवाले'. दर वर्षी एक जूनला सर बाजारातल्या दुकानातून चिक्कीचा चुरा आणायचे. वड्या कापताना जे तुकडे पडतात, तो चुरा. नऊ जणांना ओंजळ ओंजळ वाटायचे, बाकीच्यांना ज्यांच्या त्यांच्या वाढदिवसाला. शेवटी पिशवी उलटी करून राहिलेला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायचे.

"सर, तुम्ही कुठं एक जूनचे?" रोहन विचारायचा.

"वाटणाऱ्याचा एक असतो," सर म्हणायचे आणि मागे बघायचे.

मी दहावीत होतो तेव्हा सतरा वर्षांखालच्या राज्य संघाची निवड होणार होती. पुण्याला दहा दिवसांचं शिबिर आणि शेवटी अंतिम यादी. या भागातून आम्हा दोघांना बोलावणं आलं, मी आणि रोहन. जागा मधल्या खेळाडूचीच होती, एक. राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं असतं तर पुण्यात खेळाडूंच्या कोट्यातून अकरावीला प्रवेश आणि वसतिगृह, दोन्ही मिळालं असतं. आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता. माझे वडील मळवलीच्या एका बंगल्यावर केअरटेकर आहेत. मुंबईचे मालक शनिवार-रविवारी येतात, त्यांच्यासाठी गेट उघडायचं, पाणी चढवायचं, बाग राखायची. वडिलांनंतर ते गेट मी उघडायचं, असं धरलेलंच होतं. ते प्रमाणपत्र म्हणजे गेटच्या बाहेर पडायचा कागद.

वडील शिबिराला सोडायला तयार होत नव्हते. म्हणून सर घरी आले.

"रविवारी पाव्हणं असत्यात, सर," वडील म्हणाले. "मी बागंत, पोरगं न्हाई, मग गेट कोन उगडनार?"

"मी उघडतो."

"मस्करी करता व्हय गरिबाची?"

"मस्करी नाही. ज्या रविवारी पोरगा शिबिरात असेल त्या रविवारी मी गेटवर. मला दुसरं कामच काय आहे?"

वडिलांनी ओट्यावरचं घोंगडं झटकून त्यांच्यासाठी अंथरलं. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. हातात तांब्या धरून ती थोडी थांबली. आमचं घर बौद्धवस्तीतलं. गावाबाहेरून येणारी काही माणसं अजूनही आमच्या ओट्यावर बसून 'आत्ताच प्यालोय' म्हणतात. आईला त्याची सवय होती.

"पानी घेता का, मास्तर?"

"द्या की, वहिनी. केव्हाची तहान लागलीय."

त्यांनी भांडं घेतलं नाही, तांब्याच तोंडाला लावला, घटाघटा. आईचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. तो चांगला तांब्या होता, काकाच्या लग्नात आलेला. लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असते, तशी त्यावरही होती. तोंडापासून खाली घेताना सरांनी ती वाचली. मे महिन्यातली तारीख होती.

खुशीत आलेली आई थांबेना. "ह्या लग्नात ह्यो माज्या कडंवर व्हता, मास्तर. सहा म्हयन्याचा. हळदीला सगळ्या बायांनी ह्याचं गाल पिवळं केलं. लय रडला."

सर तांब्यावरच्या तारखेकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे फक्त आमची भिंत होती.

"पाणी गोड आहे, वहिनी," ते म्हणाले आणि उठले.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर तांब्यावरच्याच वर्षाचा एक जून आहे. म्हणजे काकाच्या लग्नात मी हळद लावून घेत होतो, तेव्हा कागदावर मी जन्मलोच नव्हतो. निवडीचा नियम असा होता की खेळाडू त्याच वर्षाच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला हवा. कागदावरचा मी नियमात बसत होतो. आईच्या कडेवरचा मी त्याच्या आधीच्या भातकापणीतला, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी बाहेर. हे सगळं गणित मी नंतर केलं. तेव्हा मी फक्त एवढंच पाहिलं की सर आमच्या घरी पाणी प्यायले, आणि आई ते वस्तीत चार घरी सांगून आली.

शिबिर सुरू झालं. मी चांगला खेळलो, हे मीच लिहिणं बरं दिसत नाही; पण पाचव्या दिवशी शिबिराचे प्रशिक्षक मला म्हणाले, "तू सारखा मागे काय बघतोस रे? कुणी शिकवलं?" मी सरांचं नाव सांगितलं. ते उठून उभे राहिले, खरंच उभे राहिले. "कंडक्टरचा पोरगा आहेस होय!"

मधल्या रविवारी सर खरोखर मळवलीला आमच्या बंगल्याच्या गेटवर जाऊन उभे राहिले. वडिलांनी फोनवर हसत हसत सांगितलं. पाहुण्यांच्या गाडीची काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "भाऊ, बर्फ कुठे मिळेल?" सरांनी आधी मागे बघितलं, मग गेट उघडलं, मग बर्फ कुठे मिळेल ते नीट सांगितलं. "देशाकडनं खेळल्याला मानूस," वडील म्हणाले, "आपल्यापाई गेटवर हुबा राह्यला." वडिलांना एवढं हसताना मी फार कमी वेळा ऐकलंय.

आठव्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे दोघे बसले होते. एकाने एक कागद माझ्याकडे सरकवला.

अक्षर बघितल्याबरोबर मी ओळखलं. सर शब्दांवर रेघ देत नसत. सामन्याआधी संघाची यादी लावायचे तेव्हा आम्ही म्हणायचो, सरांची अक्षरं टोपी न घालता आलीत. त्या पत्रातही कुठल्याच अक्षराला टोपी नव्हती. लिहिलं होतं : 'या खेळाडूची कागदावरची जन्मतारीख खरी नाही. मी त्याच्या घरी जाऊन खात्री करून घेतली आहे.' खाली सही. तारीख शिबिर सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची.

म्हणजे गेट उघडायला आले त्या रविवारी पत्र आधीच टाकलेलं होतं.

"हे खरं आहे का?" समोरच्यांनी विचारलं.

खोटं बोलावं हे मला सुचलंच नाही. मी म्हणालो, "आई म्हणते तसं."

माझं नाव कापलं गेलं आणि दोन वर्षं कुठल्याही स्पर्धेत खेळायला बंदी आली. जागा रोहनला मिळाली. त्याचा जन्म तळेगावच्या दवाखान्यातला, दाखला तिथला. बॅग भरत होतो तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"मला अशी नको होती रे जागा."

"घेतलीस ना?"

"घेतली," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं बरं वाटलं.

मी घरी न जाता थेट वलवणला गेलो. सर एकटेच मैदानावर आडव्या काठ्या मांडत होते. मला बघून त्यांनी काठी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मागे बघितलं नाही. खाली बघितलं.

"सर, तांब्या वाचलात तेव्हाच मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. मग पत्र लिहून झालं नसतं."

"मग नसतं लिहायचं!"

"एकदा असंच कुणी लिहिलं नव्हतं," सर म्हणाले.

कुणी, कुणासाठी, मी विचारलं नाही. मला वाटलं, ते रोहनला पुढे काढल्याची सबब शोधतायत. मी म्हणालो, "माझ्या आईनं तुम्हाला पाणी दिलं होतं."

"हो."

"ती खूश होऊन बोलली. तुम्ही ते कागदावर लिहिलंत. 'घरी जाऊन'."

"हो."

प्रत्येक वेळी नुसतं 'हो'. त्यांनी एकदा तरी भांडायला हवं होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "बंदी स्पर्धांना आहे, सरावाला नाही. सोमवारी ये."

"तुम्हीच शिकवलंत ना, मागं काय आहे ते आधी बघ म्हणून?" मी ओरडलो. "मी सगळीकडं बघितलं. तुम्ही मागं आहात म्हणून तेवढं बघितलं नाही."

सोमवारी मी गेलो नाही. त्यानंतर कुठल्याच वाराला गेलो नाही.

लोक विचारतील, त्यांनी खोटं काय केलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता तो झिजला आहे. तारीख खरी नव्हतीच. नियम नियमच आहे. पण तारीख मी लिहिली नव्हती, आईने लिहिली नव्हती, आणि गुरुजींना दुसरी कुठली तारीख लिहिता येत नव्हती. आणि आम्हा नऊ जणांना ओंजळीने चुरा वाटत चार वर्षं जो माणूस त्या तारखेवर हसला, त्यानेच ती एका दिवशी हत्यारासारखी उचलली. मला न सांगता. पास द्यायचा असतो तेव्हा तरी हाक मारतात.

खरं नुकसान आईचं झालं. आई काळ तारखांनी मोजत नाही. कुणाचं लग्न, कुठली कापणी, कुठल्या साली ओढ्याला पाणी आलं, अशा गोष्टींनी मोजते, आणि सांगायला लागली की थांबत नसे. त्या दिवसानंतर ती थांबली. "माजंच त्वांड," एवढंच म्हणाली. काकाच्या लग्नाचा तांब्या तिने धुऊन, पुसून, फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. वडिलांनी पुढे कित्येक महिने गेट उघडताना पुटपुटावं, "गेट उगडाया आला व्हता म्हनं."

दर वर्षी एक जूनला बंगल्याच्या गेटला कागदाची एक पुडी अडकवलेली सापडते. चिक्कीचा चुरा. मी खात नाही. वडील ती बंगल्यावरच्या माळीबाबांना देतात. कोण ठेवून जातं ते आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी बाजारात सर समोरून आले. मी चिक्कीच्या दुकानाच्या आडोशाला होतो. ते मला ओलांडून पुढे गेले, दहा-बारा पावलं, आणि सवयीने खांद्यावरून मागे पाहिलं. मी दिसलो. त्यांची मान तशीच वळलेली राहिली आणि तोंड किंचित उघडलं. मागून रिक्षा हॉर्न देत होती, तरी ते हलेनात. मी रस्ता ओलांडून निघून गेलो. ते काय बोलणार होते, मला माहीत नाही.

इथपर्यंत लिहून मी आठवडाभर थांबलो होतो. शेवट सुचत नव्हता. सत्काराच्या अंकात असं लिहिलेलं चालेल का, हेही मॅडमना विचारायचं होतं. काल संध्याकाळी रोहनचा फोन आला. तो आता आमच्याच कॉलेजात आहे, क्रीडा विभागाचा विद्यार्थी प्रतिनिधी. चार वर्षांत आम्ही कामापुरतंच बोललोय.

"सत्कार रद्द झाला," तो म्हणाला. "सर वलवण सोडून गेले. खोल्यांना कुलूप आहे. कुठं गेले, टपरीवाल्या आबांनाही माहीत नाही."

"का?"

"प्राचार्यांना पत्र ठेवून गेलेत. मी फोटो पाठवतो. तू वाच. माझ्याच्यानं मोठ्यानं वाचवत नाही."

फोटो आला. अक्षरांना टोपी नव्हती. सत्काराबद्दल आभार मानून पुढे लिहिलं होतं :

'ज्या ज्युनिअर चषकामुळे माझं नाव झालं, नोकरी लागली, त्या स्पर्धेत खेळायचं माझं वय उलटलं होतं. आमच्या गुरुजींनी माझी जन्मतारीख एक जून लिहिली होती. खरी मला आणि माझ्या प्रशिक्षकांना ठाऊक होती. ते गप्प राहिले, मी खेळलो. माझ्या जागी जो खेळला असता त्याचं नाव मला कधी कळलं नाही. पुढे माझ्या एका मुलाला मी हे करू दिलं नाही, पण त्याला माझं सांगायचं धैर्य मला झालं नाही. ते सांगितल्याशिवाय हार घालून घेता येणार नाही.'

मी ओट्यावर बसून ते दोनदा वाचलं. आई तांदूळ निवडत होती. "कुनाचं हाय?" तिने विचारलं. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. एक जून आला तेव्हा तिचा हात सुपात थांबला.

मग म्हणाली, "म्हंजी मास्तर बी आपल्यातलंच. एक जूनचं."

"हो."

"मग तवाच का न्हाई बोललं? तांब्या त्येंच्याच हातात व्हता की."

तिने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. तांब्या अजून माळ्यावरच आहे.